कांताआत्तीच्या गोचिडी

आमची कांताआत्ती स्वातंत्र्य मिळालं त्या साली गेली. तिला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी निपाणीच्या बाजारात आमच्या गावचा कुणी जुना माणूस भेटला की आधी तिची आठवण काढतो आणि मग हसतो. मला त्याचा राग येतो. मीही तिला हसायचो, ही गोष्ट निराळी. घरच्यानं हसणं वेगळं आणि बाजारात उभं राहून हसणं वेगळं.

आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. आमचं गाव निपाणीहून चिकोडीकडे जाताना लागतं. काळी जमीन, तंबाखूची शेती आणि गावाच्या मधोमध बस्ती, म्हणजे आम्हा जैनांचं देऊळ. घरात मराठी बोलायचं, बस्तीच्या पायरीवर कानडी, आणि भांडण जोरात असलं तर दोन्ही. आत्तीचं लग्न लहानपणीच झालं होतं. मानमोडीच्या साथीत तिचा नवरा गेला आणि ती माहेरी आली ती कायमची. मूलबाळ नव्हतं. पुढे एका चातुर्मासात गावात मुनिमहाराज राहिले होते, त्यांच्यापुढे बसून तिनं नेम घेतला: हलणारा-चालणारा कोणताही जीव मारायचा नाही. असा नेम आमच्यात पुष्कळ जण घेतात, आणि डास चावला की त्यांचा हात आपोआप उठतो. आत्तीचा उठत नसे. घर भावाचं, शेत भावाचं, अंगावरचं लुगडंही भावानं आणलेलं. तो नेम तेवढा तिचा स्वतःचा होता.

आता गोचीड काढायची म्हटली की गावाची रीत ठरलेली. जनावराच्या कानातली, कासेजवळची, शेपटीखालची टम्म फुगलेली गोचीड ओढून काढायची आणि विस्तवावर टाकायची. नाहीतर तंबाखूचे देठ पाण्यात भिजत घालायचे आणि त्या तपकिरी पाण्यानं जनावर चोळून धुवायचं. गोचिडी गळून पडतात आणि मरतात. आमच्याकडे तंबाखूच्या देठांना तोटा नव्हता, त्यामुळे हे औषध घरोघर होतं. फक्त आमच्या घरी नव्हतं.

आत्ती रोज सकाळी बस्तीतून आली की गोठ्यात बसायची. बोटाला करडईचं तेल लावून, गोचिडीचं तोंड आत तुटणार नाही अशा बेतानं तिला फिरवून काढायची आणि करवंटीत ओल्या पाल्यावर ठेवायची. मग करवंटी पदराखाली झाकून गावाबाहेरच्या पाणंदीत जायची आणि निवडुंगाच्या कुंपणाखाली, सावली बघून, एकेक सोडायची. उन्हात पोळतील म्हणून सावली. दुसऱ्यांच्या गोचिडी विस्तवावर जाताना तिला बघवेनात, म्हणून "मारू नगा, मला द्या" असं ती सांगत सुटली. लोकांना काय, आयती सोय झाली. शेजारचा रवळू तर कोंबड्यांच्या खुराड्यातल्या गोचिडीसुद्धा आणून द्यायला लागला. या कोंबडीच्या गोचिडी चपट्या; दिवसभर फटीत लपतात, अंधार पडला की बाहेर येऊन रक्त पितात आणि पुन्हा फटीत जातात. आत्तीनं त्यांच्यासाठी वेगळी करवंटी ठेवली. गावानं तिला गोचिडींचं पांजरपोळ करून टाकलं होतं आणि तिला त्यात भूषण वाटत होतं.

करवंट्या वेगळ्या ठेवण्यामागे तिचं एक शास्त्र होतं. तिनं गोचिडींच्या जाती लावल्या होत्या. जोंधळ्याएवढ्या करड्या फुगीर त्या एक, तपकिरी बारक्या त्या दुसऱ्या, बैलाच्या अंगावरच्या पट्ट्यापट्ट्यांच्या पायांच्या त्या तिसऱ्या, कुत्र्याच्या तांबूस त्या चौथ्या. कालवडीच्या मानेवर रव्याच्या कणीएवढं काही हलायचं, त्याला तिनं सहाच पाय मोजले होते, गोचिडीला असतात आठ, म्हणून ते गोचिडींत धरत नसे. तो कुणी निराळाच गरीब जीव. आणि ज्याची त्याची गोचीड ज्याच्या त्याच्या वाटेवर सोडायची, हा तिचा कायदा. कुत्र्याची बस्तीमागं, जिथं कुत्री निजतात. गुरांची पाणंदीत, जिथून गुरं जातात. "सोडायचं आन उपाशी ठेवायचं, ह्यो कसला नेम?" असं तिचं म्हणणं. मला तेव्हाही ते खुळेपणाचं वाटायचं.

अडतीस सालच्या पावसाळ्यानंतर चंद्री आजारी पडली. चंद्री म्हणजे आत्तीची कालवड. तिची आई व्याल्यावर लगेच मेली होती आणि आत्तीनं दुधात फडकं बुडवून तिला जगवली होती. चंद्री घरात कुणाचंही ऐकत नसे, आत्तीनं नुसता घसा खाकरला तरी मागं वळायची. त्या साली तिच्या अंगावर गोचिडी अशा काही लागल्या की कानाचा आतला भाग दिसेना. सकाळी काढाव्यात, संध्याकाळी तितक्याच. हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या. आधी ती चालताना मागं राहू लागली, मग उठताना पुढचे गुडघे टेकू लागली, आणि एक दिवस उठलीच नाही.

मी तापट माणूस. मी सरळ म्हणालो, "आत्ती, बास झालं. तंबाखूच्या पाण्यानं धू तिला."

"न्हाई रं."

"मग मी धुतो. तुझ्या हातून न्हाई, माझ्या हातून हुईल."

"तू केलंस काय, मी केलं काय, आन तू केल्यावर मी बरं म्हटलं काय, तिन्ही एकच," ती म्हणाली. "शिकीवलंय की तुलाबी."

शिकवलं होतं खरं. मी वडिलांकडे गेलो. वडील, धनपाल अण्णा, पंचात बसणारे, दुसऱ्यांची भांडणं तोडणारे. बहिणीच्या बाबतीत मात्र मांजर. म्हणाले, "तिच्याकडं तेवढंच हाय जिनदत्ता. ते मोडायला सांगू व्हय मी?" मी परत गोठ्यात आलो. जबरदस्तीनं पाणी ओतलं असतं, पण चंद्रीचं डोकं आत्तीच्या मांडीवर होतं. दोघींना एकदमच भिजवावं लागलं असतं. मला भयंकर चीड आली होती. कालवड मरणार हे दिसत होतं, आणि ती मेली तर तिच्यामागं आत्तीही धड राहणार नाही, हेही दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेळगावचे जनावरांचे डॉक्टर आले. मारुतीराव त्यांचं नाव, मूळचे अनगोळचे. सायकलवरून धुळीनं माखून आले होते. जिल्ह्यात कोणत्या भागात कोणत्या जातीची गोचीड आढळते याचा नकाशा ते करत होते. चावडीवर येऊन त्यांनी विचारलं, इथं गोचिडी कुठं मिळतील? असा प्रश्न विचारायला माणूस सायकलवरून आला, याचाच लोकांना आनंद झाला. अख्खी चावडी त्यांना आमच्या दारात घेऊन आली.

आत्तीनं त्यांच्या पिशवीतल्या बाटल्या बघितल्या. बाटल्यांत स्पिरिट आणि तळाला मेलेल्या गोचिडी. ती म्हणाली, "बगायच्या तर बगा. ह्यात न्हाई टाकायच्या."

मला वाटलं, डॉक्टर चिडतील. ते हसले. "बरं आक्का. नुसत्या बघतो," म्हणाले आणि खिशातून भिंग काढून ओट्यावर बसले. (बाटल्या त्यांनी पुढे रवळूच्या घरी भरून घेतल्या. रवळूला नेम नव्हता.)

आत्तीनं एकेक करवंटी पुढे केली आणि आपल्या जाती सांगितल्या. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, मधे तोडलं नाही. मग म्हणाले, "आक्का, बैलाची, कुत्र्याची, कोंबडीची वेगळी केलीसा ते बरोबर. पण ही करडी आन ही तपकिरी दोन जाती न्हाईत. ही बायको आन हा नवरा. बायको रक्त पिऊन फुगती, नवरा हाय तेवढाच राहतो."

चावडी हसली. आत्तीनं पदर सारखा केला.

"आन ही सहा पायांची कणी?"

"ती त्यांचीच पोरं. लहानपणी सहा पाय. कात टाकली की आठ."

मग ते रंगात आले. खानापूरच्या रानातली एक बारीक काळपट गोचीड त्यांनी बाटलीतून काढून दाखवली. ती गव्यांना, हरणांना आणि लाकूडफाट्याला जाणाऱ्या बायकांना लागते, ती आमच्या काळ्या रानात सापडायची नाही. आमची पट्टेदार पायांची तिकडच्या दाट पावसात टिकायची नाही. कंग्राळीच्या शेतकऱ्यानं लांबच्या बाजारातून बैल आणले तर त्यांच्या कानातून नवी जात गावात येते, आणि हवा मानवली तर घर करून राहते. "जसा मुलूख तशी गोचीड," ते म्हणाले. "पण भावकी सगळ्यांची एकच. आठ पायांची. कोळी आन विंचू ह्यांचे चुलतभाऊ. गाई-म्हशी जगात नव्हत्या तवाबी ह्या होत्या म्हणतात. सरड्या-कासवाचं रक्त प्यायच्या. मग नवी जनावरं आली तशा ह्याबी बदलत गेल्या, कुणी गाईची झाली, कुणी कोंबडीची."

"जग कवा सुरूच झालं न्हाई, तर आदी काय आन मग काय," आत्ती म्हणाली. जग अनादी आहे, हे तिचं बस्तीत ऐकून पाठ होतं. पण विंचू ऐकून ती अस्वस्थ झाली होती. आमच्यात जीव मोजतात ते इंद्रियांवरून. मुंगी, ऊ, गोचीड यांना तीन इंद्रियं: स्पर्श, चव आणि वास. माशी, कोळी, विंचू यांना चार, कारण त्यांना डोळे असतात. आत्ती जन्मभर गोचिडीला तीनवर धरून बसली होती. तिनं भीत भीत विचारलं, "हिला डोळे हायत?"

डॉक्टरांनी बैलाची गोचीड भिंगाखाली धरली. "पाठीच्या कडंला बघा. बारीक मणी दिसतो? तो डोळा. ह्या खानापूरवालीला न्हाई. डोळा हाय का न्हाई, तोंड लांब का आखूड, ह्यावरनंच आम्ही जाती लावतो."

आत्तीनं भिंगातून बघितलं आणि एकदम मागं सरकली, जणू पलीकडून कुणी तिच्याकडे बघत होतं.

एवढ्यात डॉक्टरांची नजर गोठ्यात पडलेल्या चंद्रीवर गेली. ते उठून आत गेले, तिची हिरडी उलटून बघितली, कान बघितले. विचारलं, "काढलेल्या गोचिडी टाकता कुठं?"

आत्तीनं सांगितलं. पाणंदीत, सावलीला, गुरांच्या वाटेवर. सगळ्या गावच्या.

डॉक्टरांनी टोपी काढून हातात घेतली. जे सांगायचं ते त्यांनी हळू सांगितलं. फुगलेली बायको जमिनीवर पडली की अंडी घालते, हजारांनी घालते, आणि मरते. त्या अंड्यांतून कण्या निघतात, गवताच्या शेंड्यावर चढतात आणि पाय पसरून वाट बघत बसतात. गाय घासून गेली की चढल्या. गाईवरची ही जात एकदा चढली की पोरपणापासून फुगेपर्यंत त्याच जनावरावर राहते. "आक्का, आख्ख्या गावच्या गोचिडी तुम्ही एका वाटेवर आणून पेरलासा. आन तुमची कालवड रोज त्याच वाटेनं जाती."

ओट्यावर कुणी हसलं नाही. मी आत्तीकडे बघू शकलो नाही. सकाळपर्यंत मला तिला ओरडून सांगायचं होतं की कालवड तुझ्यामुळं मरतीया. आता दुसऱ्या कुणी ते सांगितल्यावर मला त्या माणसाला उचलून सायकलवर बसवावंसं वाटलं.

आत्ती म्हणाली, "मग हिला म्याच मारतीया."

"मरंल असं कुठं म्हटलं?" डॉक्टर म्हणाले. "धुवायचं न्हाई तर धुऊ नगा. पण तिला इथनं हलवा. जिथं गुरं चरत न्हाईत, गवत न्हाई, अशी जागा हाय का? अंगावर हायत त्या काढत राहायच्या. नव्या चढल्या न्हाईत तर हळूहळू संपतील. रक्त भरून येतंय, पोटात वैरण गेली पायजे."

जागा मीच सुचवली. गावाच्या वरच्या अंगाला आमचा खडकाळ माळ होता, तिथं आम्ही तंबाखूची पानं वाळवायला पसरायचो. पानावर शेण पडू नये म्हणून तिथं जनावर कधी सोडलेलं नव्हतं, आणि गवताची काडी उगवू देत नव्हतो. तंबाखू निघायला अजून अवकाश होता. माळ मोकळा होता आणि राखणीची खोपही होती.

"आन काढलेल्या कुठं सोडू?" आत्तीनं विचारलं.

"ओढ्याच्या पलीकडं टेकाडावर," मीच म्हणालो. "तिकडं गुरं जात न्हाईत."

"मग त्यांची पोरं खातील काय?"

डॉक्टरांनी घसा साफ केला. "काय मिळालं तर खातील. न्हाईतर वाट बगतील आक्का, लई महिने बगतात. मग मरतील. खोटं सांगत न्हाई."

आत्ती उठली आणि तडक बस्तीत गेली. मीही मागोमाग गेलो. आमचे उपाध्ये, म्हणजे बस्तीचे पुजारी, तांदूळ निवडत बसले होते. आत्तीनं सगळं सांगितलं, गोचिडीला डोळे असल्याचंसुद्धा. त्यांनी ताट बाजूला ठेवलं.

"तू मारतीस काय?"

"न्हाई."

"कुणाला बांदून घालतीस?"

"न्हाई."

"मग सोड आन घरला ये. फुडं त्यांचं कर्म. पण कांता, दुसऱ्याच्या गाईचं रक्त आजवर तू त्यांना वाढत आलीस, ते कुणाला विचारून?"

आत्तीनं मान खाली घातली. ती रडेल असं मला वाटलं, पण ती विचार करत होती. म्हणाली, "खरं हाय. प्रायश्चित्त सांगा."

"कालवड उठंपतोर एकवेळ जेव."

"आन इंद्रियं तीन धरू का चार?"

"चार धरून चाल," उपाध्ये पुन्हा तांदळाकडे वळत म्हणाले. "जादा दया केली म्हणून कुणाला पाप लागल्याचं मी ऐकलं न्हाई."

त्याच दुपारी चंद्रीला गाडीत घालून माळावर नेली. पाणंद टाळून लांबच्या वाटेनं नेली. आत्ती तिच्याबरोबर खोपीत राहिली. मी सकाळी कडबा, पेंड आणि आत्तीचं एकवेळचं जेवण घेऊन जायचो. ती सकाळी गोचिडी काढायची, ओढा ओलांडून टेकाडावर जायची, सोडून परत यायची. आधी करवंटी भरायची, मग निम्मी, मग तळ झाकेल एवढ्याच. चंद्री पडल्या पडल्या कडबा ओढायला लागली. आत्ती मात्र वाळत चालली होती, आणि मी रोज तिच्याशी भांडायचो की दोनदा जेव, उपाध्ये काही इथं बघायला येत नाहीत. ती हसायची.

एके दिवशी मी डोक्यावर कडब्याची पेंढी घेऊन माळ चढलो तर चंद्री उभी होती. पाय थरथरत होते, पण उभी होती. माझ्याकडे बघून तिनं दोन पावलं टाकली आणि डोक्यावरच्या पेंढीला तोंड घातलं. मी तसाच उभा राहिलो. पेंढी खाली टाकली तर ती पडेल असं उगाच वाटलं. आत्ती खोपीच्या दारात बसून बघत होती आणि तोंडानं काहीतरी पुटपुटत होती. मी चंद्रीची हिरडी उलटून बघितली. गुलाबी नव्हती अजून, पण पांढरीही नव्हती. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं; इतके दिवस ते होतं हेही तेव्हाच कळलं. मी गावात धावत गेलो आणि अण्णांना घेऊन आलो. अण्णा आले, त्यांनी चंद्रीच्या पाठीवरून हात फिरवला, बहिणीकडे बघितलं आणि पंचातल्या भाषेत म्हणाले, "ठीक झालं." मग उपरण्यात तोंड घालून रडले. आत्तीनं त्या दिवशी आमच्याबरोबर दिवस मावळायच्या आत दुसऱ्यांदा जेवण केलं, तीन भाकऱ्या खाल्ल्या.

चंद्री चांगली चालायला लागल्यावर घरी परतायचं ठरलं. मी खोपीतलं सामान गोळा करत होतो. कोपऱ्यात गोणपाटाखाली एक गाडगं होतं, तोंडावर दगड ठेवलेलं. दगड काढला आणि भपकन वास आला. तंबाखूच्या माळावर तंबाखूचा वास कुणाच्या ध्यानात येणार? आत तपकिरी पाणी होतं, काठोकाठ, देठ कुजून मऊ झालेले.

"आत्ती, हे काय?"

तिनं बघितलं आणि खाली बसली. "डाक्टर यायच्या आदल्या सांजला भिजीवलं. सकाळी धुणार हुते तिला."

"आन मग हितंबी संगं आणलंस?"

"आणलं. इतं आल्यावरबी न्हाई उठली तर?"

ज्या नेमासाठी मी तिला मनातल्या मनात दगडाच्या काळजाची म्हणत होतो, तो मोडायची तयारी तिनं एकटीनं, कुणाला न सांगता, करून ठेवली होती. मी कसाबसा म्हणालो, "आन तुझा नेम?"

"गेला असता." ती चंद्रीकडे बघत होती. "त्याच्यामागं माझ्यापाशी काय ऱ्हायलं असतं, ते मला ठावं न्हाई. पर ती ऱ्हायली असती." मग तिनं मोठा श्वास सोडला आणि पोरीसारखी हसली. "सुटले रं मी. लई भ्या वाटत हुतं मला."

मी गाडगं उचलून बाहेर ओतायला निघालो. तिनं माझं मनगट धरलं.

"तितं मुंग्या हायत."

माळाच्या दुसऱ्या कडेला गेलो, तर तिथंही होत्या. ओढ्यात मासे. टेकाडावर तर तिच्याच गोचिडी. शेवटी गाडग्याच्या तोंडाला फडकं घट्ट बांधलं, पाणी आपोआप आटून जाईल म्हणून ते उन्हात खडकावर ठेवलं, आणि चंद्रीला पुढं घालून आम्ही लांबच्या वाटेनं घरी आलो.